वटवाघळाची दिवाळी, घरबसल्या

माझे साडू ज्या गोष्टीला हात घालतात, ती गोष्ट जगातून नाहीशी व्हायच्या बेतात असते. गावोगाव मोबाईल पोचले त्या वर्षी त्यांनी डहाणू रोडला एसटीडी बूथ घेतला. कॅमेऱ्याचे रोल मिळेनासे झाले तेव्हा वाडीत फोटो धुवायची काळी खोली बांधली. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आता तिथे कांदे ठेवते. मराठी टंकलेखनाच्या परीक्षेत ते पहिल्या वर्गात आले आणि निकाल घ्यायला गेले तेव्हा क्लासवाला टाइपरायटर टेम्पोत चढवत होता. याचं त्यांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. सरावलीच्या वाडीत चिकूखाली खाट टाकून ते शांतपणे सांगतात, "गर्दी ओसरल्यावर जावं. नीट बघता येतं." त्यामुळे साठी उलटल्यावर त्यांनी दिवाळीचा एक कार्टून सिनेमा काढला आणि तो घरोघरी बघण्यासाठी डीव्हीडीवर प्रदर्शित करायचं जाहीर केलं, तेव्हा आम्हा नातेवाइकांना आश्चर्य वाटलं नाही. नुसती धास्ती वाटली.

सिनेमाची गोष्ट त्यांच्या ताईची. ही त्यांची मोठी बहीण, तलासरीला दिलेली. लहानपणी दिवाळीच्या दिवसांत आईवडील चिकूच्या पेट्या भरण्यात गुंतलेले असत आणि धाकट्या भावाला झोपवायचं काम ताईकडे येई. मग ती सांगे, की एक वटवाघूळ तोंडात चिकू धरून निघालं आहे. उजेडात त्याला घास उतरत नाही आणि दिवाळी असल्यामुळे जिथे जावं तिथे दिवे. ते प्रत्येक दाराशी जाऊन अदबीनं विचारतं, थोडा अंधार मिळेल का? घरातली माणसं ओशाळून म्हणतात, आज नाही हो, आज दिवाळी आहे, नंतर या. असं घरामागून घर. साडूभाऊंना ही गोष्ट तोंडपाठ होती, फक्त तिचा शेवट आठवत नव्हता, कारण शेवट येईपर्यंत ते झोपलेले असत. ताईला विचारलं की ती हसायची. म्हणून शेवट त्यांनी आपल्या मनानं केला होता आणि तो बरोबर आहे की नाही, हे ताईनं बघून सांगायचं होतं.

आणि ते लवकर सांगायचं होतं. साखरेनं ताईचे डोळे अधू होत चालले होते. मोबाईलच्या पडद्यावर तिला नुसता एक पांढरा डाग दिसे. घरातल्या जुन्या टीव्हीला नाक लावून बसलं तर रंग बरे कळत, आणि त्या टीव्हीखाली एक डीव्हीडी प्लेअर होता. तो साडूभाऊंनीच तिला घेऊन दिलेला, तो विकणारं दुकान बंद पडलं त्याच आठवड्यात. तेव्हा डीव्हीडीचा हट्ट हा वरवर दिसतो तेवढा वेडेपणा नव्हता. ताईच्या डोळ्यांत उजेड आहे तोवर तिची गोष्ट तिला दाखवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

वेडेपणा होता तो काम करायच्या पद्धतीत. प्रत्येक चित्र ते हातानं कागदावर काढत आणि मग त्याचा फोटो घेत. वटवाघळाला एकदा पंख हलवायचा तर साडूभाऊंचा अख्खा दिवस जाई. एके दुपारी मेव्हणीचा मला फोन आला, "लवकर ये, हे झाडाला लटकलेत." मी गेलो तर साडूभाऊ एका खालच्या फांदीला गुडघे अडकवून उलटे, हातात पेन्सिल, चेहरा टोमॅटोसारखा लाल. उलटं लटकल्यावर चिकू वर पडतो की खाली, हे नीट ठरवल्याशिवाय पुढचं चित्र काढता येणार नव्हतं. एका लक्ष्मीपूजनाला त्यांनी आम्हा सगळ्यांना कोसबाडच्या टेकडीवर नेलं, कारण वटवाघूळ गावाकडे वरून बघतं. लक्ष्मीसमोर निरांजन ठेवून निघालेली माझी मेव्हणी वर पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि खाली दिव्यांचा गाव दिसल्यावर मात्र किती वेळ तिथून हलेना.

सिनेमातली घरं त्यांनी सरावलीतलीच घेतली होती, आणि ही त्यांची मोठीच चूक झाली. आपलं घर सिनेमात आहे ही बातमी फुटली आणि जो तो दुरुस्त्या घेऊन आला. एकीचं म्हणणं, तिच्या दारातली रांगोळी एवढी लहान नसते. एकानं नवी गाडी घेतली होती, ती अंगणात दिसायला हवी होती. एका घरचे म्हणाले, वटवाघूळ आमच्या दारी आलं तर आम्ही त्याला रिकामं पाठवणार नाही, निदान चकली देऊ. साडूभाऊ सगळं ऐकून घेत आणि चित्रं पुन्हा काढत. अशा दोन दिवाळ्या हुकल्या. मेव्हणी चिडून मला म्हणाली, "हे लोकांच्या रांगोळीचे ठिपके जुळवत बसलेत, आणि तिकडे ताईंना दाराची चौकट दिसेना झाली." मी ते त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी खोडरबर खाली ठेवला, जरा वेळ चिकूच्या झाडांकडे बघितलं आणि म्हणाले, घाईघाईत काढलेलं तिला लगेच कळतं. मग पुन्हा खोडरबर उचलला.

अखेर यंदा धनत्रयोदशीला सिनेमा प्रदर्शित झाला. कोऱ्या डिस्क डहाणू रोडच्या एका दुकानात धूळ खात पडल्या होत्या. दुकानदारानं त्या देताना वर साडूभाऊंचेच आभार मानले. वेष्टनावर सुंदर चित्र आणि खाली सूचना, 'फक्त घरगुती प्रदर्शनासाठी'. माझ्याकडे गाडी असल्यामुळे वितरक म्हणून माझी नेमणूक झाली. सरावलीपासून रानशेतच्या ओळखीच्या घरांपर्यंत मी फराळाच्या ताटाबरोबर डिस्क वाटत फिरलो. सगळ्यांनी कौतुकानं घेतल्या आणि लाडू लगेच खाल्ले. डिस्क लावायचं यंत्र एकाच्याही घरी नव्हतं. पाडव्याला आम्ही शेजारच्या वाडीवरून जात होतो, तर तिथे चिकूच्या फांद्यांना साडूभाऊंचा सिनेमा दोऱ्यानं टांगलेला, वाऱ्यावर लखलखत होता. आमच्याकडे वाडीवाले पाखरांना आणि वटवाघळांना बुजवायला जुन्या डिस्क अशाच टांगतात. मी मान खाली घातली. साडूभाऊंनी मात्र वाडीवाल्याला हाक मारून एवढंच विचारलं, की टांगण्याआधी बघितलीस का. तो बिचारा खरं बोलला, नाही म्हणाला. "मग हरकत नाही," साडूभाऊ म्हणाले, "ज्याच्यावर काढलाय त्याला तरी दिसेल."

भाऊबीजेला आम्ही तलासरीला गेलो. साडूभाऊंनी नवा सदरा घातला होता आणि ओवाळणीची डिस्क सबंध वाटभर मांडीवर धरली होती. ताईनं पाट मांडून ठेवला होता. तिनं निरांजन सुनेच्या आधारानं फिरवलं, आणि कुंकवाचं बोट साडूभाऊंच्या कपाळाऐवजी भुवईवर टेकलं. तिथून ते कानाकडे घसरलं. मग ताईच म्हणाली, की महिना झाला, आता सगळं सारखंच दिसतं. दिवाळीच्या तोंडावर कशाला सांगायचं म्हणून फोन केला नाही. मला साडूभाऊंकडे बघवेना. त्यांनी कुंकू तसंच राहू दिलं, उठून टीव्ही लावला आणि डिस्क प्लेअरमध्ये सरकवली.

पडदा उजळला. ताई टीव्हीकडे तोंड करून बसली होती, पण तिची नजर जरा बाजूच्या भिंतीवर होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "लागला का रे बाबू? आवाज नाही येत."

"आवाज ठेवलाच नाही, ताई," साडूभाऊ म्हणाले. "तुझ्या गोष्टीला दुसऱ्या कोणाचा ठेवणार?"

"मग मी सांगते नी," ताई म्हणाली, आणि सांगू लागली.

ती सांगत होती आणि वटवाघूळ पडद्यावर दारोदार फिरत होतं. ती एखाद्या घराशी रेंगाळली की साडूभाऊ रिमोटनं सिनेमा थांबवून धरत, ती पुढे निघाली की सोडत. पंखाच्या एका फडफडीसाठी दिवस घालवणारा हा माणूस आपल्या चित्रांकडे बघतसुद्धा नव्हता. तो ताईच्या तोंडाकडे बघत होता. आज नाही हो, आज दिवाळी आहे, असं ताई निरनिराळ्या आवाजांत म्हणत गेली. आणि मध्येच थांबली.

"पुढं?" साडूभाऊंनी विचारलं.

"पुढं काय? तोवर तू झोपायचास. पुढचं मला कधी करावंच लागलं नाही." मग ती जरा पुढे झुकली. "तुझं वटवाघूळ जातं कुठं?"

इतकी वर्षं जो शेवट आपण झोपेत घालवला असं साडूभाऊ समजत होते, तो कधी नव्हताच.

"शेवटच्या घरी एक पोरगी आहे," ते म्हणाले. "दिव्यांमुळं तिच्या भावाला झोप येत नाही, म्हणून तिनं त्याच्या डोळ्यांवर हात धरलाय. ते त्या हाताखाली शिरतं आणि चिकू खातं."



"एवढा अंधार पुरला त्याला?"

"पुरला, ताई."

पडद्यावर सरावलीची सगळी घरं एकदम उजळली होती. रांगोळ्या, कंदील, ती नवी गाडी, सगळं जिथल्या तिथे होतं. ते बघायचं काम माझ्यावर सोपवून साडूभाऊ ताईशेजारी जाऊन बसले आणि त्यांनीही डोळे मिटून घेतले.