शिट्टीबाईंची सहा हजार पावलं

कंपनीनं मावशींना तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि 'समग्र जीवन सोबती' असं लिहिलेला बिल्ला दिला. प्रशिक्षणात कळलं, की म्हाताऱ्या माणसाचे शरीर, मन आणि आत्मा असे तीन भाग असतात. शरीराला सकाळ, मनाला दुपार आणि आत्म्याला चहानंतर सव्वाचार ते साडेचार. त्याआधी वीस वर्षं मावशींनी म्हाताऱ्यांना नुसतं न्हाऊ घातलं होतं, भरवलं होतं, त्यांची गाऱ्हाणी ऐकली होती. त्यात आत्मा कुठे बसतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बिचाऱ्या इतकी वर्षं अडाण्यासारख्या राबल्या.

नव्या घरी ज्यांची सोबत करायची त्या शिट्टीबाई. वय त्र्याऐंशी. मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टरांनी ते जोडलं आणि "आता चाला" म्हणाले. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरी पळवल्या. आता मला कुणाचा बाप पळवतो तेच बघते," असं त्यांनी जाहीर केलं. खरं कारण होतं भीती. मावशींना ते पहिल्याच दिवशी कळलं, कारण खुर्चीतून उठवताना बाईंची बोटं त्यांच्या दंडात रुतली. पण कंपनीच्या फॉर्ममध्ये भीतीला रकाना नव्हता.

पावलांना होता. बाईंच्या मनगटाला पावलं मोजणारा पट्टा बांधलेला होता. त्याचे आकडे कंपनीला दिसत, आणि दूरच्या शहरातल्या चिरंजीवांना मोबाईलवर दिसत. चिरंजीवांना आईशी बोलायला वेळ नसे, पण आईचे आकडे ते न चुकता वाचत. पहिल्या आठवड्यात रोजची पावलं भरली बेचाळीस, तीही बाई हातवारे करून ओरडत म्हणून. देखरेखीच्या मॅडमचा फोन आला. "मावशी, दिवसाला तीन हजार हवीत. नाहीतर आपण सोबती बदलू."

मावशींच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. दोन दिवस त्यांनी बाईंच्या विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी पट्टा काढून सरळ स्वतःच्या मनगटात अडकवला. केर, फरशी, बाजार, वर-खाली दोन जिने. संध्याकाळी आकडा आला सहा हजार. कंपनीचा संदेशही आला, 'अर्थपूर्ण जीवनाकडे दमदार वाटचाल', आणि पुढे टाळ्यांचं चित्र.

बाईंनी ही लबाडी लगेच ओळखली. त्यांना राग लबाडीचा आला नाही, चालीचा आला. "काय ती चाल! पाय आहेत की पोती? माझ्या नावावर असलं चालायचं नाही. गुडघा उचल!" मावशींकडून त्यांनी कपाटातली जुनी शिट्टी काढून घेतली. तेव्हापासून बाई खुर्चीतून हुकूम सोडत आणि मावशी खोलीभर एक-दोन, एक-दोन. तीन महिन्यांत मावशींच्या रक्तातली साखर उतरली, जिने चढताना लागणारी धाप गेली. समग्र देखभाल खरोखरच गुणकारी होती, फक्त ती कोणाची होत होती हे विचारायचं नाही. बाईही आता सकाळी केस विंचरून, शिट्टी गळ्यात घालून मावशींची वाट बघत बसू लागल्या.

मध्ये मावशी तापानं दोन दिवस घरी पडल्या. पट्टा त्यांच्याच घरी उशाशी राहिला. आकडा शून्याला टेकला आणि कंपनीत हाहाकार उडाला. "बाईंना जरा कणकण आहे," असं मावशींनी अंथरुणातून कळवून टाकलं. मावशींची विचारपूस मात्र एकट्या बाईंनीच केली. फोन करून म्हणाल्या, "औषध घे आणि गपचूप पडून राहा."

पुढच्या महिन्यात चिरंजीवांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "मावशी, आई रोज सहा हजार पावलं चालते! म्हणजे आता तिला सोबतीची गरजच नाही. सगळं तुमचंच यश. एक तारखेपासून आला नाहीत तरी चालेल. सोमवारी मॅडम प्रमाणपत्र घेऊन येतील."

मावशींपुढे आता इकडे आड, तिकडे विहीर. खरं बोलावं तर लबाड म्हणून जायचं, गप्प बसावं तर कर्तबगार म्हणून जायचं. दोन्हीकडून बाई या घरात एकट्या उरणार होत्या. मावशींना रडू आलं ते त्याचं.

सोमवारी मॅडम आल्या. मोबाईल टेबलावर उभा केला, त्यात चिरंजीव हसत होते. "आजी, जरा चालून दाखवा. व्हिडिओ काढायचाय."

"मी कशाला चालू?" बाई म्हणाल्या. "पाय तिचे, हुकूम माझा. शाळेला चाळीस वर्षं ढाली मिळाल्या, तेव्हा पळालं कोण हे कुणी विचारलं नाही."

मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे ही शुद्ध फसवणूक आहे. मावशी, बिल्ला काढा."

"आई," चिरंजीव हळूच म्हणाले, "म्हणजे तू एकदाही चालली नाहीस?"

"चालले की. हिला ताप होता तेव्हा. या खुर्चीपासून त्या भिंतीवरच्या फोनपर्यंत. अकरा पावलं."

मावशींना फोन आला होता खरा, पण तो करायला बाई उठल्या असतील हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मॅडमनी दुसऱ्या मोबाईलवर आकडे चाळले. "त्या दिवशी शून्याची नोंद आहे."

"असणारच. पट्टा तिच्या घरी झोपला होता." बाईंनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि त्या उठल्या. मावशी धावल्या. "हात लावू नकोस. मोज."

"एक… दोन…" मावशी मोजू लागल्या. बाईंचे पाय लटपटत होते, पण गुडघा उचललेला होता. सहाला मावशी मोजायचंच विसरल्या.

"सात," मोबाईलमधून आवाज आला. "आठ." लहानपणी आईनं शिकवलेल्या ठेक्यात चिरंजीव मोजत होते. अकराव्या पावलाला भिंतीवरचा फोन हाताशी आला. बाईंनी आणखी एक पाऊल टाकलं आणि भिंतीला टेकल्या.

"बारा," चिरंजीव म्हणाले.

"मोजायचंच असेल तर असं मोजत जा," बाई धापा टाकत म्हणाल्या. "रोज."

"हो, आई." चिरंजीवांनी डोळे पुसले. "मॅडम, मावशी इथेच राहतील. पट्टा तेवढा परत न्या."

मॅडमनी पट्टा पिशवीत टाकला, प्रमाणपत्र परत घेतलं आणि जिन्यात उभ्या राहून फॉर्म भरला. सहा हजारांवरून बारा. घसरण चिंताजनक.