चिपांचं वाळवण

आर्वीतला पहिला कॉम्प्युटर मी बांधला, ही गोष्ट आर्वीला अजून माहीत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एका कचेरीत कारकून होतो, भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि माझं लग्न व्हायचं होतं (ते पुढेही बरीच वर्षं व्हायचंच होतं). नागपूरला जायचं, मायक्रोप्रोसेसर आणि मूठमूठ लॉजिक चिपा आणायच्या आणि संध्याकाळभर वायरींना कथलाचे डाग देत बसायचं. असं तीन वर्षं चाललं. या तीन वर्षांत त्याबद्दल बोलायला एक माणूस मिळाला नाही. घरमालकीणबाईंना यंत्र दाखवलं, तर यावर गाणी लागतात का, म्हणाल्या. नाही म्हटल्यावर त्यांनी वाटीभर वांग्याची भाजी देऊन माझं सांत्वन केलं. कचेरीत विषय काढला की लोक चहा सांगायला उठत. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं. मी चिपांशी बोलायला लागलो होतो आणि त्यांचं म्हणणं मला पटायलाही लागलं होतं!

त्या उन्हाळ्यात बाबा गिरडजवळच्या आमच्या गावाहून दहा दिवस राहायला आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात बोलायचं काम आईकडे असे, तिच्यामागे आम्ही बापलेक "जेवला?" आणि "जेवलो" एवढ्यावर दिवस रेटत होतो. मी ठरवलं, बाबांना कॉम्प्युटर दाखवायचा. त्याच्या तोंडावर लाल आकड्यांची चार घरं होती. त्यांत इंग्रजी अक्षरं उमटायची ती जेमतेम सहा, ए ते एफ. पण तेवढ्यात 'बाबा' लिहिता येतं! (बी, ए, बी, ए. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, ही अडचण मी तूर्त बाजूला ठेवली होती.) बटण दाबलं की 'बाबा' उमटणार, मग ते विचारणार, काय आहे रे हे? त्या एका प्रश्नासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

नेमका ट्रान्सफॉर्मर जळला. नवा यायला आठ दिवस लागणार होते. प्रोग्रॅम ज्यांत भरला होता त्या दोन चिपा मी जपून काढल्या, डब्यात ठेवल्या आणि रोज कचेरीत जात राहिलो.

बाबांची गाडी सोमवारी सकाळची. रविवारी जेवणं झाल्यावर मी त्यांना यंत्रासमोर बसवलं, नवा आलेला ट्रान्सफॉर्मर जोडला, चिपा लावल्या आणि बटण दाबलं. चारही घरांत आठ उमटले.

"आठ, आठ, आठ, आठ," बाबांनी बोट ठेवून मोजले. "ब्येस हाय."

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा आठ. वायरी हलवल्या, आठ. दारात उभ्या घरमालकीणबाईंनी एक थापड मारून पाहायला सांगितलं, त्यांच्या रेडिओला म्हणे तीच लागू पडते. तीन वर्षं शिकलेली सगळी विद्या गुंडाळून मी थापडही मारली. आठच! शेवटी चिपा उपटल्या. त्यांच्या डोक्यावर इवलीशी काच असते, तिच्यावर मी कागदाची पट्टी चिकटवली होती. पट्टी जागेवर होती, पण तिच्या कडेने भाताचं शीत डोकावत होतं.

"बाबा, याले भात कसा लागला?"

"म्याच चिकटवला थो कागद," बाबा शांतपणे म्हणाले. "पाय काळे पडले होते त्याचे. म्हनलं, दमट लागली. रोज उनात टाकत होतो. तू घरी याच्या आंधी उचलून ठेवत होतो."

"पन कागद काऊन काढला?"

"वरतं काच हाय ना. म्हनलं, ऊन आत जावासाठीच ठेवली असंन."

आणि बाबा बरोबर होते! ती काच त्यासाठीच असते, उजेडाने जुनं पुसून नवं लिहिता यावं म्हणून. आठवडाभर कडक ऊन पोटात गेलं की चिप लिहिलेलं सगळं विसरते. म्हणून तर पट्टी लावायची. सबंध आर्वीत त्या काचेचं काम ओळखणारा माणूस एकच निघाला, आणि त्याने माझं तीन वर्षांचं काम अंगणातल्या बाजेवर, तुरीच्या डाळीशेजारी वाळत घातलं. (प्रोग्रॅम वहीत उतरवून ठेवायचा होता. तो मी उद्या उतरवणार होतो, गेले तीन महिने.)

मी आवाज चढवला. नको ते बोललो. बाबांचा चेहरा पडला. घरमालकीणबाई हळूच निघून गेल्या.

"किडा लागू नये म्हनलं," बाबा खाली पाहत म्हणाले. "तू इतका जपते त्याले. तुले इचारलं असतं, पन तू त बोलतच नाईस." मग म्हणाले, "सांग आता. काय हाय हे?"

माझा राग जागच्या जागी विरला. मी त्यांच्यासमोर बसलो आणि अगदी विजेपासून सुरुवात केली. एक आणि शून्य सांगितलं, लॉजिक चिपा सांगितल्या, वहीची पानं उलटून आकृत्या दाखवल्या. बाबा एकेका वाक्याला मान हलवत होते. इतकं समजून घेणारा माणूस घरातच होता आणि मी नागपूरपर्यंत शोधत हिंडलो, या विचाराने मला आणखी चेव आला. तासाभराने नीट पाहिलं, तर बाबांची मान हलत नव्हती, पेंगत होती.

मी थांबलो नाही. आवाज तेवढा बारीक केला. तीन वर्षांनी एक श्रोता मिळालेला, त्याची झोप मोडून कसं चालेल?