भिकुबाईची सून

कोकिळा मूळची साक्रीची. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर एस.टी.त कंडक्टर म्हणून लागली, त्याला अकरा वर्षं झाली. तिची फेरी शिरपूरहून सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेल्या शेवटच्या पाड्यापर्यंत. त्या डोंगरात मक्याच्या आड गांजा पिकतो, हे सगळ्यांना ठाऊक. हद्दीपलीकडची एक टोळी, अलीकडची एक. माल उतरवायच्या वाटा कुणाच्या, यावरून दिवाळीपासून दोघांत जुंपली होती. एक जीप जळाली, नाल्यात दोन प्रेतं सापडली. बसमध्ये मात्र कुणी त्याविषयी अवाक्षर काढत नसे.

होळीच्या आधीची गोष्ट. बस खाली शिरपूरला निघालेली, पाड्यावर मगन चढला. पलीकडच्यांची पोती वाहणारा हा गडी महिन्यापूर्वी अलीकडच्यांना जाऊन मिळाला होता, आणि त्यांना जुन्या मालकांचं शेतही दाखवून आला होता. शर्ट घामानं चिंब. तिकीट घेऊन तो थेट मागं जाऊन बसला.

घाटाच्या वळणावर दोन मोटारसायकली आडव्या लावलेल्या दिसल्या. ड्रायव्हर पंडितभाऊंनी ब्रेक दाबला.

"अक्का, पलीकडचे शेतस," ते पुटपुटले. मगन ज्यांना सोडून आला होता, त्यांचीच ही माणसं.

मगन सीटखाली शिरायला लागला. "तठे नको," शेजारी बसलेली पाड्यावरची भिकुबाई म्हणाली. म्हातारीनं गाठोड्यातलं जुनं लुगडं काढून त्याच्या अंगावर टाकलं, त्याचं डोकं मांडीवर ओढलं आणि तोंड झाकलं. अख्ख्या बसनं पाहिलं.

तिघे वर चढले. पुढच्याच्या तोंडाला मफलर, हातात गावठी कट्टा.

"मगन कोठे शे?"

"मागच्या फाट्यावर उतरला." हा आवाज आपलाच का, हे कोकिळाला कळेना.

त्यानं तिच्या हातातलं तिकिटाचं मशीन हिसकावून पाहिलं. एकतीस तिकिटं. मग एकेका डोक्यावर कट्टा रोखत तो मोजत गेला.

"एकतीसच शेतस. एक उतरना, मंग तीस पाहिजेत."

कोकिळानं लुगड्याकडे बोट दाखवलं. "ती आजारी बाई त्याच फाट्यावर चढली. तिचं तिकीट राहिलंय." तिनं मशीन परत मागून घेतलं. "कुठं जायचं?"

"शिरपूर," भिकुबाई म्हणाली. "मनी सून शे. दोन दिवसपासून उलट्या व्हई ऱ्हायन्यात."

कोकिळानं तिकीट काढलं. लुगड्याखालून मगनचं भेगाळलेलं पाऊल बाहेर आलं होतं. तिकीट द्यायला वाकताना कोकिळानं आपली बॅग त्याच्यापुढे टेकवली आणि तशीच उभी राहिली. मफलरवाल्यानं कट्टा कमरेला खोचला. मग तिघे उतरले आणि फाट्याच्या दिशेनं सुसाट गेले.

खालच्या पुलाशी मगन उतरला आणि सागाच्या झाडीत शिरला. मागं वळूनही पाहिलं नाही.

"असल्या माणसासाठी तीस जीव टांगलेत, अक्का," पंडितभाऊ म्हणाले. कोकिळानं घंटी मारली. पोलिसांत जायचं तिला धाडस झालं नाही.

सतराव्या दिवशी एक माणूस हरभऱ्याचं पोतं घेऊन बसमध्ये चढला. तोंडाला काही नव्हतं, पण "एक शिरपूर" म्हणताच तिनं मफलरवाल्याचा आवाज ओळखला. तिकीट घेताना तो हळूच म्हणाला, "भिकुबाईले पोऱ्याच नही. मंग सून कोठेन उनी?" म्हातारीला मुलगाच नाही, हे त्यानं शोधून काढलं होतं.

शिरपूरला तो गर्दीत मिसळला. कोकिळा तडक ठाण्यात गेली आणि सगळं सांगून टाकलं, आपल्या खोटेपणासकट. दुपारच्या फेरीत तिनं भिकुबाईला कोंबड्यांसह बसमध्ये घातलं आणि शिरपूरहून दुसऱ्या गाडीनं दोंडाईच्याला तिच्या लेकीच्या घरी नेऊन पोचवलं.

तो माणूस महिन्याभरानं हद्दीवर पकडला गेला. त्याचे जोडीदार मोकळे आहेत. मगनचा पत्ता नाही. फेरी अजून कोकिळाकडेच आहे. घाटाचं वळण आलं की ती दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरते, आणि पंडितभाऊ मिरचीच्या भावाचं काहीबाही बोलत राहतात.