समोरच्या दुकानाची घडी

कापडाच्या दुकानात कुणी बोलता बोलता साडीची घडी घालू लागलं, की माझं लक्ष अजूनही त्याच्या हातांकडे जातं. बायको वैतागते, "साडी बघायला आणलंय तुम्हाला, हात काय बघताय?" तिला काय सांगणार! माझ्या नोकरीतलं एक अख्खं प्रकरण एका घडीवर सुटलं होतं.

नागपुरात महाल भागातल्या एका ठाण्यात मी तेव्हा तपासाचं काम बघत होतो. तिथल्या साडी विक्रेत्यांनी एक संघ काढला होता. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून खपवायची नाही, गिऱ्हाइकाला माल सांगूनच द्यायचा, ही संघाची अट. सभासदाच्या दुकानावर पाटी लागे, 'इथे माल सांगून विकला जातो.' सभासद होण्याची रीत मात्र अवघड होती. नातलगाची किंवा मित्राची हमी चालत नसे. त्याच गल्लीत तोच माल विकणाऱ्यानं, म्हणजे ज्याच्या पोटावर पाय येणार त्यानंच, भर सभेत उभं राहून 'माल खरा आहे' असं म्हणायचं.

उमरेडच्या एका विणकर घरातल्या सुनेनं या संघात यायचं ठरवलं होतं. सासरे अजून मागावर बसत. त्यांच्या साड्या विकायला तिनं गल्लीत लहानसं दुकान टाकलं होतं. पाटी लागली तर गिऱ्हाईक विश्वासानं येणार होतं आणि माग चालू राहणार होता. नाहीतर तो मोडीत काढायचं घरात ठरलंच होतं.

सभा तोंडावर आली आणि ठाण्यात निनावी फोन आला. बाई यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून विकते, गठ्ठा मागच्या मांडणीत सगळ्यात खाली आहे. स्टेशन डायरीत नोंद करून, दोन पंच घेऊन आम्ही गेलो. गठ्ठा सांगितल्या जागीच निघाला आणि साड्यांवर तिच्याच दुकानाच्या 'हातमाग' लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. खबर देणाऱ्याला सहसा निम्मं माहीत असतं, उरलेलं तो तिखटमीठ लावून सांगतो. इतकी नेमकी खबर आली की मी जरा सावध होतो.

"साहेब, हा माल माहा नाही," बाई म्हणाली.

"मग तुमच्या मांडणीत आला कसा?"

"मले काय माहीत! मामाजीनं हे आयकलं तं मागाले हात नाही लावन तो माणूस." मामाजी म्हणजे तिचे सासरे.

बाहेर बघ्यांची गर्दी जमली होती. समोरचे दुकानदार लगबगीनं तिच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आले. पंचांना दाखवायला उलगडलेली एक साडी बाईनं सवयीनं परत घडी घालायला घेतली, पण जमेना. साडीवरच्या घडीच्या खुणा एका रीतीच्या आणि तिचा हात दुसऱ्या रीतीचा. मी मांडणीवर नजर फिरवली. तिच्या सगळ्या साड्यांचा पदर घडीच्या आत होता. गठ्ठ्यातल्या साड्यांचा पदर बाहेर, वरच्या बाजूला दुमडलेला. ते मी पंचनाम्यात लिहायला सांगितलं.

"साहेब, घडी काहून लिहून राहिलो आपण?" हवालदारानं विचारलं.

"लिहा," मी म्हटलं.

जबाब घेताना बाईला विचारलं, दुकानात कोण कोण येतं? ती म्हणाली, "गिऱ्हाईक. दुसरं कोण येईन?" ती खोटं बोलत नव्हती. माझा प्रश्नच बरोबर नव्हता. मी तो बदलला. "जेवायला जाता तेव्हा शटर ओढून जाता?"

"शटर काहून ओढाचं? समोरचे भाऊ बसते ना माह्या गादीवर. ते जेवाले गेले का मी त्यांच्या..."

बोलता बोलता ती थांबली. त्या गल्लीत जेवणाच्या वेळी समोरच्यानं दुकान सांभाळायचं, ही पूर्वापार चाललेली पद्धत. तिचा चेहरा उतरला.

"नाही साहेब. ते तसे नाही. माह्या लेकीच्या बारशाले आले होते ते."

समोरच्या दुकानदाराला मी ठाण्यात बोलावलं. चहा मागवला. मुद्देमालातली तीच साडी टेबलावर पसरून ठेवली होती. संघातले हे गृहस्थ, वागण्यात सभ्य. गल्लीत तोच माल त्यांचाही, म्हणून सभेत बाईच्या मालाची हमी त्यांनीच द्यायची होती. "चांगली बाई आहे साहेब. असं करन असं वाटलं नव्हतं," ते हळहळले. मी म्हटलं, "जरा घडी घालून देता? आमच्या शिपायाला जमत नाही."

बोलता बोलता त्यांचे हात चालू लागले. खुणेवर खूण बसली. पदर बाहेर, वर दुमडलेला. मी पंचनामा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो वाचला आणि हात टेबलाखाली घेतले.

"काहून केलं हो भाऊ?" हवालदारानंच विचारलं.

"सभेत नाही म्हटलं तं कारण सांगा लागते," ते खालमानेनं म्हणाले. "हो म्हटलं तं माह्यं गिऱ्हाईक तिच्याकडे जाते. माल तं तिचा खराच आहे."

मला त्यांचा भयंकर संताप आला. सराईत चोराचा येत नाही तेवढा. नुसत्या घडीवर कोर्टात काही टिकलं नसतं, म्हणून फोनचा तपशील मागवला. तोही जुळला. पोलिसांना खोटी खबर दिल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली. संघानं पाटी काढून घेतली, पण त्याआधी त्याच सभेत त्यांना उभं करून बाईच्या मालाविषयी विचारलं. "माल खरा आहे," ते म्हणाले. उमरेडचा माग वाचला.

पुढे मी निवृत्त झालो. संघानं एका सभेला पाहुणा म्हणून बोलावलं. त्याच दिवशी त्या दुकानदाराचा नव्यानं सभासद होण्याचा अर्ज आला होता. रीत तीच होती. गल्लीत तोच माल विकणारं दुसरं दुकान एकच, त्या बाईचं. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

ती उठली. "माल खरा आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "अन् माणूस?"

"इथं मालाचं इचारते," ती म्हणाली आणि खाली बसली.

आयुष्यभर मी माणसं गुन्हेगार आणि निर्दोष अशा दोन खणांत टाकत आलो. या बाईनं एकाच माणसाचे दोन हिशेब वेगळे ठेवले आणि दोन्ही खरे ठेवले. हे मला सगळ्या नोकरीत शिकता आलं नव्हतं.

त्या गल्लीत मी अजून अधूनमधून जातो. दोन्ही दुकानांवर पाट्या आहेत. दुपारी समोरचे भाऊ जेवायला निघाले की बाई त्यांच्या गादीवर जाऊन बसते. ती स्वतः जेवायला निघते तेव्हा मात्र शटर ओढते आणि कुलूप लावते.