थोरल्याची दाढी

गल्लीच्या तोंडाशी सलून, आत दोन खुर्च्या, दोन भाऊ आणि बोलणं बंद! गल्ली त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायची. भिंतभर आरसा, त्यामुळे थोरल्याला दिवसभर नको ते तोंड बघावं लागे.

कारण साधंसुधं नव्हतं. आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा थोरला परगावी होता, आणि धाकट्याने त्याला कळवलंच नाही. कळवलं ते सगळं आटोपल्यावर. मग पाय धरले, दाताच्या कण्या केल्या. पण थोरला नाकावर माशी बसू देईल तर शपथ! राग धरला तो धरलाच.

बरं, राग धरून सुख तरी लागलं का? छे! कूस बदलून बदलून बायकोचीही झोप उडवायचा. जेवताना घास हातात आणि मनात तेच भांडण. अलीकडे तर वस्तरा उचलला की हात थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, "हात ठणठणीत आहे. मनात काय घोळतंय ते बघा." आणि आज सकाळी जुन्या गिऱ्हाइकाचा गाल कापला. ते बिचारं नुसतं उठून धाकट्याच्या खुर्चीत बसलं. हात गेला तर न्हाव्याने करायचं काय?

दुपारी दुकान रिकामं झालं. थोरला बसे, उठे, पुसलेली फणी पुन्हा पुसे. आरशात स्वतःची दाढी दिसली, जागोजागी खुंट राहिलेले. पूर्वी भाऊ एकमेकांची दाढी करत. अबोल्यापासून हा स्वतःच कशीबशी खरडत होता.

तो तडक धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसला. धाकटा गडबडला, मग फेस लावू लागला.

"का नाही कळवलंस रे मला?"

"घाबरलो, दादा. तुला बोलावलं तर आई जाणार हे खरंच ठरेल, असं वाटलं."

"गाढवा!"

"हो."

थोरल्याचे डोळे भरले. "मला तिला बघायचं होतं रे. ते दुखायचं थांबणार नाही. पण तुझ्यावरचा राग सोडला मी. दमलो बाबा! चालव हात."

थोड्या वेळाने सकाळचं गिऱ्हाईक विसरलेली छत्री न्यायला आलं, आणि दारातूनच हाका मारू लागलं. अर्धी दाढी तशीच टाकून धाकट्याने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू! दादा झोपलाय."