पाद्री येण्याआधीचा रविवार

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला, की नागझरी ओढ्यापलीकडची आमची कुडाची झोपडी आठवते. पेशव्यांच्या तोफखान्यातल्या चार ख्रिस्ती घरांचं तेच प्रार्थनाघर. गोव्याहून पाद्री यायचे होते. तोवर दर रविवारी आम्ही क्रुसासमोर मेणबत्ती लावून नुसते गप्प बसत असू. आईचे डोळे मात्र दाराकडे.

बाबा गोलंदाज होते आणि तोफांनी त्यांचे कान गेले होते. एका रविवारी मेणबत्ती विझल्यावर उठता उठता ते केवढ्यांदा तरी म्हणाले, “पोरी, इथं बसलं की मी बहिरा नसतो गं!”

सगळे खदखदून हसले. मीही.

पुढच्याच रविवारी पाद्री आले. घंटा, गाणी, लांबलचक उपदेश. आईला रडू आवरेना. बाबा एकेकाच्या ओठांकडे बघत राहिले. हळूहळू ते येईनासे झाले. पाद्री यावेत म्हणून आम्हीच तर प्रार्थना केल्या होत्या!

आता प्रार्थनाघर दगडी आहे. सगळे गेल्यावर मी मेणबत्ती विझेपर्यंत बसते. राखणदार किल्ल्या वाजवतो.

“अहो बाई, उपदेश कधीच संपला. आता काय ऐकताय?”