रेडिएटरची तोटी

डोंगरातल्या नारीन गावाचा हिवाळा म्हणजे गाडीचा सासुरवास, आणि ओरोझालीला वाटे, तिचं माहेर काय ते आपणच. उभी हयात दोलोन घाटात ट्रक हाकलेला माणूस. पण ट्रक गेला, गुडघे गेले, आणि परवा तर पाव आणायला गेला नि मीठ घेऊन आला. तेव्हा बायको बातमा म्हणाली, कोचकोरला लेकीकडे टॅक्सीनेच जाऊ. नातू चालायला लागला होता. रीतीप्रमाणे त्याच्या पायांना दोरी बांधून ती कापायचा समारंभ होता. ओरोझाली हट्टाला पेटला, दारातली आपली मोटार आपणच चालवत न्यायची. आज टॅक्सीत बसलो की पुढे कायमचे मागच्या सीटवरचे म्हातारे.

त्याने थंडीत गोठू नये म्हणून घालतात ते हिरवं कूलंट आणलं, निम्मं पाणी मिसळून रेडिएटर भरला. शेजारचा कुबात कुंपणावरून बघत होता. "आके," त्याने थोरल्याला हाक मारतात तशी हाक मारली, "दूधवाल्यासारखं पाणी काय घालताय?" मग ओरोझालीने त्याला थंडीत उभं करून समजावलं, की नुसतं कूलंट उलट लवकर गोठतं, पाणी हवंच, पण मापात. संध्याकाळी एक फेरी मारून गाडी दारात लावली आणि तो ऐटीत घरात शिरला.

सकाळी पाहतो तर गाडीखाली हिरवं थारोळं, आणि रेडिएटरची तोटी सताड उघडी. चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. ट्रकमध्ये नुसतं पाणी असे. रोज संध्याकाळी ते सोडून द्यायचं, नाहीतर रात्रीत इंजिन फुटायचं. डोकं नवं शिकलं होतं, हात अजून जुन्याच नोकरीत होते.

कुबातने येऊन थारोळ्यात काठी फिरवली. "आके, माप मात्र अचूक हं. अजिबात गोठलं नाही."

कुत्र्यांनी चाटू नये म्हणून ओरोझालीने त्यावर राख टाकली आणि टॅक्सीचं कसं बोलावं याची मनात जुळवाजुळव करू लागला. तेवढ्यात दार उघडलं. बातमा कोट घालून तयार होती, आणि हातात वाफाळत्या पाण्याची बादली. ट्रकच्या दिवसांत दर सकाळी आणायची, अगदी तशीच.

"कूलंटच्या गाडीला गरम पाणी कशाला?" त्याने हळूच विचारलं.

बातमाने बादलीकडे पाहिलं, मग राखेकडे. "आणि तोटी कशाला सोडलीत?"

ओरोझालीने बुटाने राख उगाच सारखी केली.

"लेकीला सांगायचं नाही," असं म्हणून तिने बादली त्याच्या हातात दिली.

पाणी भरून झालं. बातमा पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "तोटी बंद केलीत ना?"

ओरोझालीने रुबाबात मान डोलावली. मग खाली उतरून पाहून आला.